डाव्या चाकावरची चार बोटं

अहो, तशी नाही, उलटी लावा. तोंड रस्त्याकडे. हां, मागे घ्या, मागे... अजून थोडी... बस. आता तुमच्या गाडीचं डावं दार माझ्या गाडीच्या डाव्या दारासमोर आलं. ते उघडून ठेवा. कॅरियरचं माप घ्यायचंय, दोन्ही गाड्या शेजारी असल्या की नजरेला पटकन कळतं. माझं दार उघडंच आहे. तुम्ही बसा त्या स्टुलावर. आधी पुसून घ्या, ग्रीस असेल. पँट खराब झाली तर माझ्या नावानं खडे फोडाल.

आभाळ भरून आलंय, भर दुपारी दिसेनासं झालंय बघा. आणि वीज तर काय, नावालाच आहे. थांबा, हा हँडलॅम्प बॅटरीला जोडतो. आता कसं, निदान एकमेकांची तोंडं तरी दिसतायत.

तर तुम्हाला अशीच गाडी करून हवी. जुनी आहे, पण डोंगरात चढते, कच्च्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही, असं कुणीतरी सांगितलं म्हणे तुम्हाला. खरंच सांगितलं. मी आणली तेव्हा भंगारवाल्यानं हिची आशा सोडली होती. खालचा सांगाडा गंजलेला, जमिनीला भोकं, मागच्या सीटखाली मांजरीनं संसार मांडलेला. सगळं ह्या हातांनी केलं. वरचा कॅरियर विकतचा नाही. आमच्या घरातल्या लहान पलंगाचे लोखंडी पाइप आहेत ते. कापले, वाकवले, जोडले. त्या दोन गोल कड्या दिसतायत ना, त्या ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी.

असे बघू नका. सांगतो. लोक नुसतं विचारतात, पाटे कुठले टाकले, शॉकअप कुठले. कुणासाठी टाकले हे कुणी विचारत नाही.

लेकीसाठी. बारकी म्हणायचो आम्ही तिला. अंगानं बारीक म्हणून नाव पडलं, तेव्हा काय ठाऊक होतं पुढे किती बारीक होणार आहे. हाडांचं दुखणं होतं. नुसती कूस बदलली तरी कळ यायची. पण जीभ? जीभ ठणठणीत! ह्याच स्टुलावर उशी टाकून बसायची आणि माझ्यावर मुकादमगिरी करायची. "बाबा, कॅरियर डावीकडे कलतोय." मी म्हणायचो, "तुझी मान कलतीये." मग माप घेतलं की कॅरियरच कललेला निघायचा, आणि ही तोंडावर हात धरून हसायची. जोरात हसलं तरी दुखायचं ना तिला.

त्या भिंतीवर जुनं कॅलेंडर आहे, त्यावरचं तळं दिसतंय? तळं इथलंच आहे. डांबरी रस्ता संपतो त्याच्या बऱ्याच वर, डोंगरात. तिला ते बघायचं होतं. एवढंच. दुसरा हट्ट केला नाही पोरीनं. डॉक्टर म्हणाले, "न्या, पण हिला धक्का बसता कामा नये." आता त्या रस्त्यावर धक्का न बसणं म्हणजे पाण्यात उतरून कोरडं राहणं. पण मी म्हटलं, बाप गाड्यांची कामं करतो ना? मग करेल की!

पाटा म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, तो वजनाला बेतावा लागतो. जास्त कडक झाला तर हलक्या माणसाला उडवतो, नरम झाला तर जड माणसाला आपटवतो. म्हणून आम्ही सीटवर वाळूची पिशवी ठेवतो, बसणाऱ्याच्या वजनाची, आणि तिच्यावर पाटे बसवतो. बारकीच्या वजनाची पिशवी मी भरली. रिकाम्या गाडीत डाव्या चाकावर, टायर आणि मडगार्डच्या मध्ये, माझी मूठ जायची. पिशवी ठेवली की मूठ जायची नाही, एकावर एक धरलेली चार बोटं जायची. मूठ म्हणजे कुणी नाही. चार बोटं म्हणजे बारकी. ह्या कामातलं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मग ती दवाखान्यातून प्रत्येक वेळी हलकी होऊन यायची, आणि मी पिशवीतून मगभर वाळू काढायचो. पुन्हा पाटा घासून पातळ करायचो, चार बोटं येईपर्यंत. पुन्हा दवाखाना, पुन्हा मगभर वाळू. तिची आई इकडे यायची बंद झाली. म्हणाली, "अहो, त्या पिशवीकडे बघवत नाही माझ्याच्यानं." मला तरी कुठे बघवत होतं? पण हात थांबले असते तर मी वेडा झालो असतो.

एकदाच बसली ती गाडीत. उभ्या गाडीत, इथेच. मी उचलून ठेवली, तर म्हणाली, "पट्टा माझा मी लावणार." किती वेळ खटपट केली, ओठ दाबून. शेवटी खट्ट आवाज झाला आणि ऐटीत म्हणते, "चला बाबा." इंजिन अजून खाली उतरवलेलं होतं हो. मी म्हटलं, "आता थोडंच राहिलंय, राणी."

ते थोडं पूर्ण झालं तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी शटर उघडलं नाही. मग एक दिवस आलो, सीटवरची पिशवी उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. ती बघा, अजून तिथेच आहे. सवयीनं चाकावर हात घातला. मूठ जायला हवी होती. गेली नाही. चार बोटं गेली.

पाटा अडकला असेल म्हटलं. गाडी हलवली, जॅकवर चढवली, उतरवली. चार बोटं. मग दार उघडलं तर आतून तिच्या मलमाचा वास आला. मी इथे, ह्या फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो. दुःखानं नाही हो. आनंदानं! माझी लेक माझी वाट बघत बसली होती. "चला बाबा" म्हणाली होती ना!

लगेच निघालो. दिवसाउजेडी, सावकाश, एकेक खड्डा चुकवत. डावीकडे बघायची हिंमत झाली नाही, पण वासानं कळत होतं, आहे. तळ्याशी पोचलो. कुणी चिटपाखरू नव्हतं. पाणी काळं, हलत नव्हतं. मी गाडी काठाला आडवी लावली, डावं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "बघ, बाळा. हवं तेवढं बघ." आणि दार तसंच उघडं ठेवून दगडावर बसून राहिलो. खूप वेळ.

दार लावायला हवं होतं. पण लेकीला तळं दाखवताना कोण दार लावतं, तुम्हीच सांगा?

परत आलो आणि हात घातला. तीनच बोटं गेली. दुसऱ्या दिवशी दोन. आणि मी मूर्ख, मी खूश! म्हटलं, तिथली हवा मानवली. पोरीनं अंग धरलं. जिच्या पिशवीतून मी वाळू काढत आलो होतो, तिचं वजन वाढत होतं हो! धावत घरी गेलो, बायकोला म्हटलं, "चल, बारकी सुधारतीये." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आता हेही गेले हातचे. पण आली.

तिनं दार उघडलं. मलमाचा वास नव्हता. कुजलेल्या पाण्याचा होता, शेवाळ्याचा. तिनं सीटच्या वर हात धरला, झोपलेल्या मुलाचा ताप बघावा तसा. मग हळूच आणखी वर नेला. आणि एकदम मागे घेतला.

"अहो..." ती म्हणाली, "हिच्या मांडीवर कुणीतरी बसलंय."

"काय बोलतेस?"

"बसलंय. जड आहे... तिला दुखतंय हो. तिला बोलता येत नाहीये."

आईचा हात तो. मी वाद घातला नाही. तेवढ्यात पाटे करकरले आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत आणखी बसली.

मी काय नाही केलं? पाटे वाढवले. खाली ठोकळे दिले. उपयोग काय? गाडी उचलली तरी मांडीवरचं ओझं थोडंच उतरतं! पुन्हा तळ्यावर नेली, दार उघडून हात जोडून उभा राहिलो, "उतरा, जे कोण असाल ते." उतरलं नाही. उलट परत येताना चढावर इंजिन घायकुतीला आलं. गाडी मोडून टाका म्हणाल. मोडली तर ती कुठे बसेल? तिला दुसरी जागा नाही जगात. अहो, जिला धक्का लागू नये म्हणून मी कागदासारखे पाटे घासले, तिच्यावर ते रात्रंदिवस बसलंय, आणि मी बाप, शेजारी पाना घेऊन उभा! ह्यापेक्षा आपण मेलो असतो तर बरं.

आता शिव्या द्यायच्या तर द्या मला. मी ऐकून घेईन.

बायको म्हणाली, "उघड्या दारातून आलं, उघड्या दारातूनच जाईल. पण नुसतं बाहेर नाही उतरणार ते. त्याला बसायला दुसरी जागा दाखवा. रिकामी."

तुम्ही फोनवर म्हणालात, मी एकटाच फिरतो, डाव्या सीटवर कधी कुणी बसत नाही. तेव्हाच मी म्हटलं, या. तुमच्याकडे कुणाची मांडी नाही. तिथे ते बसेल, पण कुणाला दुखणार नाही. एवढाच विचार केला मी. चांगला की वाईट, देव जाणे. कॅरियरचं माप मला नजरेनंच कळतं हो, त्यासाठी दार उघडं कशाला लागतंय?

बसा! उठू नका. आवाज करू नका... ऐकलंत?

पाटे करकरले. माझ्या गाडीचे. थांबा, मी हात घालून बघतो. बसल्या बसल्याच ती बत्ती इकडे धरा... खाली... मगाशी एक बोट जेमतेम जात होतं... आता दोन... तीन जातायत. उठतंय ते! उठतंय... चार! चार बोटं! बारके, झालं गं, आता उतरलं तुझ्यावरचं...

नाही. थांब. अजून वर कशाला येतीये गाडी?

मूठ गेली.

अहो, मूठ जातीये आत. सगळी. कुणीच नाही... नाही, नाही, चार बोटंच हवीत, मूठ नको... बारके?

तुम्ही ऐकलंत आत्ता? तो आवाज? खट्ट... तुमच्या गाडीतून आला. पट्ट्याचा. बघा जरा. जवळ नका जाऊ, इथूनच बघा. डाव्या सीटचा पट्टा लागलाय ना? मी तिकडे गेलोच नाही, आणि तुम्ही तर स्टुलावर होतात. आणि वास... येतोय? मलमाचा आहे तो. शेवाळ्याचा नाही. तिचा आहे.

ते क्षणभर उठलं आणि ती खालून निसटली. पोरगी हुशार आहे माझी. दार उघडं दिसलं आणि...

आई गं!

हात... माझा हात... गाडी खाली येतीये. ते पुन्हा बसतंय. मूठ निघत नाही. नाही, जॅक आणू नका! ऐका माझं! आधी तुमचं डावं दार लावा. लावा म्हणतो ना! ते तिला शोधेल. खाली तिची मांडी नाही, रिकामं लागतंय म्हटल्यावर ते उतरेल. हात अडकलाय तोवर ते इथेच आहे... लावलंत? ओढून बघा. नीट लागलंय?

आता निघा. माझं राहू द्या, घरातून बायको येईल. तुमचा काही दोष नाही, आणि तिचाही नाही, ती काही मागणार नाही तुमच्याकडे. फक्त सावकाश चालवा. खड्डे चुकवा. तुमचे पाटे कडक आहेत, तिला धक्का सोसत नाही. आणि जमलं तर डाव्या बाजूचा एक पाटा काढा. कोपऱ्यातली ती पिशवी घेऊन जा, तिच्या मापानं बेता. चार बोटं. तळ्याकडे नेऊ नका, कितीही म्हणाली तरी. दुसरं काही दाखवा.

ऊं... नाही, ठीक आहे मी. जा.

आणि जाताना मागे वळून बघू नका. माझ्या गाडीचं दार आत्ता लागलं. आतून.