चौथा कोपरा

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं, ते दुपार कलली तरी हटलं नाही. रस्त्यावरचे दिवे भर दिवसा जळत होते. समोरून येणारं माणूस अगदी अंगावर येईपर्यंत दिसायचं नाही.

मी झाडूवाला. शाळेची पायरी कधी चढलो नाही. यंत्रांच्या एका मोठ्या इमारतीत झाडतो-पुसतो. माझी सून तिथेच इंजिनीअर होती. तिनं 'फिरस्ते' बनवले होते. प्रोग्रॅमच ते, पण एका यंत्रात मुक्काम न करणारे. तारेतून या यंत्रातून त्या यंत्रात जायचे, काम वाटून घ्यायचे, एकमेकांना कळवायचे. मला उमजेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, घर बदललं तेव्हा कपाट कसं उतरवलं? चार कोपरे, चार माणसं. चौघांनी 'ठेवलं' म्हटल्याशिवाय कुणी हात सोडायचा नाही. हे तिघं आहेत. चौथा कोपरा माझा."

काम अर्धं असतानाच, खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. चौथं 'ठेवलं' राहूनच गेलं. तेव्हापासून फिरस्ते थांबेनात. इमारतीतले दिवे, पंखे, दारं, सगळ्यांत शिरून तिला शोधत हिंडायला लागले. घरी माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी भरवलं तर दोन घास खायचा, नाहीतर नाही.

त्या दुपारी साहेब म्हणाले, "काका, तिच्या खोलीतलं यंत्र तेवढं बंद करून या. आमच्यातलं कुणी जायला तयार नाही."

"का हो, चावतं का ते?"

साहेबांनी नुसतं आतल्या बोळाकडे बोट दाखवलं.

बोळातून निघालो. पुढचा दिवा लागायचा, मागचा विझायचा, जणू कुणी मला वाट दाखवत नेत होतं. खोलीत पाय टाकला आणि पाठीमागे दार लागलं. पंखा घरघरला, थांबला. उजेड गेला. तापलेल्या धुळीचा वास नाकात बसला. तिघांनी काम वाटून घेतलं होतं: एकानं दार धरलं, एकानं हवा, एकानं उजेड.

मग एका कोपऱ्यातल्या स्पीकरमधून सुनेचा आवाज आला. "धरलं..."

दुसऱ्या कोपऱ्यातून, तोच आवाज. "धरलं..."

तिसऱ्यातून. "धरलं..."

चौथ्या कोपऱ्यात मी उभा होतो.

"बाबा... धरा ना..."

श्वास पुरेना. हात आपसूक पुढे होत होते. आणि मला ते कपाट आठवलं. मी हात लावायला गेलो तर सून ओरडली होती, "तुम्ही बाजूला व्हा बघू, पाठ धरेल तुमची!"

"नाही धरत," मी म्हटलं. "तुम्ही माझी सून नव्हे. ती मला ओझं उचलू द्यायची नाही. काय करायचं ते करा. तिची जागा मी भरणार नाही, तुम्हालाही भरू देणार नाही. घरी पोरगा उपाशी आहे माझा. तिच्या वतीनं सांगतो, ठेवलं! ऐकलंत? ठेवलं!"

मग नाइलाज झाल्यासारखं, एकेका कोपऱ्यातून... "ठेवलं... ठेवलं... ठेवलं..."

दार उघडलं. मी चाचपडत वायर उपटली. यंत्राला हात लागला तर ते गार होतं, आत कुणी नसल्यासारखं.

लोक विचारतात, अजून तिथेच झाडता? झाडतो. रोज त्या कोपऱ्यात उभा राहून मोठ्यानं दटावतो, "सोडा आता त्याला. मी आहे अजून."

पण त्या दिवशी मी जिंकल्यासारखा, झाडू खांद्यावर टाकून घरी आलो. फाटकापाशी खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. नव्यानं राहायला आलेल्या, आमच्या घरातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "काका, सामान हलवताय का हो? तिघंजण काहीतरी जड घेऊन जिन्यात अडकले होते, धुक्यात चेहरे काही दिसले नाहीत. एक कोपरा लोंबत होता. तुमचा मुलगा धावत खाली आला... आणि त्यानं तो धरला."