कुंभार्लीवरची कोरी हवा

कऱ्हाडच्या धावपट्टीलगतच्या शेडमध्ये मृणालताई दाभोळे आपल्या जुन्या दोन आसनी विमानाला टेकून उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी यापुढे एकटीने उडायचे की नाही, हे आज ठरणार होते.

"वाट दाखवणारा हा मार्गसखा म्हणतो 'कुंभार्ली घाट टाळा', आणि तुम्ही नेमक्या तिकडेच!" क्लबचे प्रमुख मुजावर फोन नाचवत म्हणाले. ते मृणालताईंच्याच हाताखाली उडायला शिकलेले. "तुमचा आज्ञापालनांक सगळ्यांत खाली आहे, ताई. विमा कंपनी माझा जीव खाते."

"तुझा किती रे?"

"शंभर."

"मग विमान तू चालवतोस की तो?"

मार्गसखा वैमानिकांच्या फोनमध्ये शिरला, त्याआधी मृणालताईंच्या मांडीवर कागदी नकाशा असे, कानावर पेन्सिल आणि खाली कोयना. धरणाची भिंत दिसली की वळायचे. कोणी नको म्हटले की तिथे काय आहे ते पाहून यायचे, ही खोड तेव्हाची. आणि हवा बिघडली की मुकाट्याने परत फिरायचे, हे शहाणपणही तेव्हाचेच.

मार्गसखाची बुद्धी घडवणारी डॉ. ओवी खानोलकर या निर्णयासाठी मुद्दाम पुण्याहून आली होती.

"याला वारा कळतो कसा गं?" मृणालताईंनी विचारले.

"विमानाचं नाक एकीकडे असतं, आणि ते सरकतं जरा भलतीकडे. हा फरक म्हणजे वारा. म्हणजे उडणारा प्रत्येक फोन वारामापकच झाला. ही सगळी मापं जुळवून मार्गसखा वायुपट विणतो आणि पुढच्याला वाट दाखवतो."

"आणि जिथून कोणीच जात नाही तिथं?"

"तिथं पट कोरा. त्याला काम दिलंय पट भरायचं. पण नियमही घातलाय, की कोऱ्या हवेत कोणालाही पाठवायचं नाही."

"मग भरायचा कसा? कप्पाळ!"

"तेच तर! तरी कुंभार्लीवरचा पट भरलाय." ओवीने आपल्या फोनचा पडदा पुढे केला. घाटावर निळ्या रेघांचे जाळे होते. "हे सगळं तुमच्या एकटीच्या उड्डाणांचं. गेल्या महिन्यात रत्नागिरीहून एका अत्यवस्थ बाळाला विमानानं आणलं, ते याच वाटेनं."

मुजावरांनी फोन खिशात घातला. ओवी मात्र जुन्या नोंदी चाळता चाळता थबकली.

"ताई, या दिवशी तुम्ही कुठं निघाला होता?"

"कोल्हापूरला. भाचीकडे."

"आणि या दिवशी?"

"सांगलीला. पण हा म्हणाला कुंभार्ली टाळा, मग म्हटलं, बघून तर येऊ..."

"कोल्हापूर, सांगली दक्षिणेला, कुंभार्ली पश्चिमेला. तिकडे जाणाऱ्याला कुंभार्ली टाळायला कशाला सांगायचं?"

ओवीने मार्गसखाच्या नियमांची यादी उघडून पाहिली. मग ती सावकाश म्हणाली, "पाठवायला बंदी होती. 'जाऊ नका' म्हणायला नव्हती. नको म्हटलं की तुम्ही जाताच, हे तो शिकला. हवा बिघडली की परत फिरता, हेही."

मृणालताईंचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांत आज्ञाधारक मीच?"

मुजावर इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. शेवटी ताईही हसल्या. पण डोळे पुसून ओवीला म्हणाल्या, "माझं उडणं बंद करू नका, तसं त्यालाही बंद करू नका. पण हा चोरटेपणा नको. हवं ते तोंडावर विचारू दे. आणि समोरच्याला नाही म्हणायची मुभा ठेव."

ओवीने नियम बदलला. त्यात पावसाळा गेला. आज्ञापालनांक रद्द झाला, आणि मृणालताईंचे एकटीने उडणे चालू राहिले.

दसऱ्यानंतरच्या एका स्वच्छ सकाळी क्लबातल्या सगळ्यांच्या फोनवर अक्षरे उमटली: 'आंबोलीवरची हवा मला ठाऊक नाही. पाहून याल का? नाही म्हटलंत तरी चालेल.'

मृणालताई चष्मा शोधत होत्या, तेवढ्यात त्यांच्या आधी कोणीतरी 'हो' म्हटल्याचे दिसले. त्यांनी वळून पाहिले. मुजावर फोनकडे असे बघत होते, जणू बोट दुसऱ्याच कोणाचे होते.

"ताई, दाखवलेल्या वाटेबाहेर मी कधी गेलोच नाही हो. बरोबर येता?"

"येते की," मृणालताई विमानात चढत म्हणाल्या. "पण मी बोलायची नाही हं. वाट तू काढायचीस."