ओरोझालीची गाडी

नारीन गावात जुन्या गाडीला करंटचा त्रास सुरू झाला, की लोक तोकोनकडे जायचे. साठी उलटलेला, कानानं तिखट माणूस. गाव त्याला तोकोन बायके म्हणायचं, म्हणजे तोकोनदादा. इंजिन नुसतं फिरवून दाखवलं, तरी कुठला प्लग रुसलाय ते तो सांगायचा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मुकाश ट्रकला बांधून एक गाडी ओढत घेऊन आला. एकसष्ट सालची, काळी, बॉनेटवर झेपावणारं हरीण. तोकोननं ती लगेच ओळखली. गाडी मुकाशच्या थोरल्या भावाची, ओरोझालीची. मार्चमध्ये दोघे भाऊ तिच्यातून डोलोनच्या घाटात गेले आणि मुकाश एकटाच परत आला. भाऊ पाय घसरून दगडावर आपटला, डोकं फुटलं, असं त्यानं सांगितलं होतं. चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायच्या आतच त्यानं विधवा वहिनीच्या, कल्यीपाच्या, अंगणातून गाडी बाहेर काढली होती.

मुकाशची तक्रार साधी होती. दुसरं कुणी चालवलं तर गाडी पाण्यासारखी चालते. तो बसला, की दहा पावलांवर बंद. रविवारी त्याच्या मुलाचं लग्न होतं, आणि नवरी याच गाडीतून आणायची होती.

"माणूस बघून रुसणारी गाडी अजून जन्माला यायचीय," तोकोन म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं पॉइंट घासले, फट मोजली. कंडेन्सर बदलला. कॉइल हातात धरून बघितली, गार होती. स्वतः बसून बाजारापर्यंत फेरी मारून आला. एकदासुद्धा अडखळली नाही. मग मुकाशला बसवलं. फाटकापाशी गाडी मेली.

आता एकच शंका उरली होती. वायरीतून करंट गळत असेल तर तो अंधारातच दिसतो. तोकोननं गॅरेजचा दरवाजा ओढून घेतला, खिडकीला घोंगडी लावली. भरदुपारी आत काळोख झाला. पेट्रोलचा वास, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, ओल्या लोकरीचा, गंजाचा. बॉनेट उघडं ठेवून त्यानं मुकाशला चावी फिरवायला सांगितली.

इंजिन घुरघुरलं, पेटलं नाही. आणि कॉइलवरून निळी ठिणगी उडाली. ती लोखंडाकडं जायला हवी होती. ती उलटी गेली, काचेच्या दिशेनं. लख्ख झालं, विझलं. पुन्हा लख्ख झालं.

त्या उजेडात तोकोनला बॉनेटच्या कडेनं पुढच्या सीटवर दोन डोकी दिसली. एक मुकाशचं. दुसरं कानाच्या वर आत गेलेलं... फुटलेल्या कलिंगडासारखं.

पण धंद्याची सवय मोठी. त्यानं आधी बॅटरीची तार सोडवली, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून रोटर काढला आणि खिशात टाकला. आता या इंजिनात ठिणगी पडणं शक्यच नव्हतं. मग त्यानं गॅरेजचा दरवाजा सरकवून उघडला.

"मुकाश," तो हळूच म्हणाला, "तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

मुकाश खाली उतरला तो थेट त्याच्या अंगावर. पहिल्या ठोशात तोकोनचा ओठ फाटला, दुसऱ्यात तो टायरांच्या ढिगावर पडला. मुकाशनं बरगडीत लाथा घातल्या, वहिनीनं तुला फितवलं म्हणून शिव्या दिल्या. मग डिकीतून इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढून त्याच्या डोक्यावर उगारलं.

"त्याला हे एकदा पुरलं होतं," तो धापा टाकत म्हणाला, "पुन्हा पुरेल."

आपण काय बोलून गेलो ते मुकाशलाही उमगलं असावं, कारण त्याचा हात खाली आला. तो वळला, गाडीच्या नाकात हँडल खुपसून म्हणाला, की हिला आत्ता चालू करतो आणि नदीत लोटून येतो.

"बॅटरी सोडवलीय तिची," तोकोन जमिनीवरूनच म्हणाला. "नको फिरवूस..."

मुकाशनं सगळ्या ताकदीनं हँडल मारलं.

इंजिन एकदाच कडाडलं आणि हँडल उलटं फिरलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तोकोनला स्पष्ट ऐकू आला. मुकाश ओरडला, पण सोडेना. त्याची बोटं लोखंडाला चिकटल्यासारखी दिसत होती. हँडल पुन्हा उलटं फिरलं, कोपर गेलं. तोकोन बरगडी धरून सरपटत पुढं गेला, मुकाशची कंबर धरून मागं खेचू लागला. आतून कुणीतरी दुप्पट जोरानं खेचत होतं. मुकाश आता ओरडतही नव्हता. भावाचं नाव घेत होता, लहानपणी घ्यायचा तसं, आणि सोड म्हणत होता.

तिसऱ्या फेरीला हँडल निसटलं आणि मुकाशच्या कानाच्या वर बसलं. तोकोनच्या तोंडावर गरम रक्त उडालं. मुकाश त्याच्या मिठीतच जड झाला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तोकोननं ऐकलेलं सगळं सांगितलं, दिसलेलं सांगितलं नाही. हँडल उलटं मारतं, माणसं मरतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी अपघात लिहिला. पुरावा म्हणून गाडी इंजिन सुटं करून चौकीमागच्या आवारात ठेवली. कल्यीपा एकदा येऊन तोकोनच्या बरगड्यांना बांधायला मेंढीची चरबी देऊन गेली. गाडी परत मागायला ती गेली नाही.

जानेवारीत तोकोनला बाजारात चौकीचा म्हातारा पहारेकरी तुर्गुन भेटला. उणे तीसची थंडी होती, दाढीवर बर्फ साचत होता. चहाच्या टपरीवर कप हातात घेत तुर्गुन खुशीत म्हणाला, की यंदा त्याच्या हाडांना थंडी बाधली नाही. आवारातल्या सगळ्या गाड्या बर्फाखाली गेल्यात, ती काळी तेवढी कोरडी आहे.

"मी माझी खुर्ची तिच्यापाशीच टाकतो, बायके," तो म्हणाला. "हात शेकायला बरी आहे."