एक वाव पाणी

दिवे येतील तेव्हा येतील. स्वराज, तू आधी तो टॉर्च बंद कर, सेल फुकट जातायत. आणि सेजल, इकडे सरकून बस गो. सांगतोय ती गोष्ट मुख्तारमास्तरांची. महाडला सोळा वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

एकतीस मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, रविवार. रात्रीचे साडेआठ. मास्तर स्कूटरवरून सव गावाला निघाले होते. पायांशी कापडी पिशवी, पिशवीत गलबतवाल्यांच्या घराण्याचा इतिहास, छापायला तयार. हे गलबतवाले म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचे महाड बंदरातले बडे व्यापारी. भरतीच्या पाण्याबरोबर त्यांची गलबतं खाडीतून पार गावापर्यंत यायची. आता घरातली माणसं मुंबईत आणि आखातात. कर्त्या आलिमाबी गुडघ्यांसाठी सवच्या गरम झऱ्यांवर येऊन राहिल्या होत्या. इतिहास त्यांनीच लिहायला सांगितला होता, आणि त्याच्या बदल्यात मास्तरांच्या एकुलत्या एका मुलाला, साकिबला, दुबईत नोकरी लावून देणार होत्या. साकिब तीन वर्षं घरी बसून होता. मास्तरांना रात्र रात्र झोप नव्हती.

तर लिहिता लिहिता जुन्या पेटीतून एक पत्र निघालं. अठराशे एकाहत्तर सालचं. मे संपला की दर्या बंद. गलबतं काठावर ओढायची, वरून झावळ्यांनी शाकारायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या साली थोरल्या शेटला आणखी एक फेरी हवी होती. धाकटा भाऊ उझैर गलबताचा नाखवा. त्यानं बायकोला लिहिलं होतं, ‘दर्या बंद झाला आहे. नको म्हटलं. थोरल्यांचा हुकूम आहे, म्हणून निघतो.’ बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी गलबत बुडालं. उझैर आणि बारा खलाशी. एकही परत आला नाही.

आणि घराण्यात सव्वाशे वर्षं काय सांगत होते? उझैर उर्मट होता, थोरल्याचं न ऐकता गेला, बारा जणांना घेऊन बुडाला. त्याच्या बायकोपोरांना त्यापायी घराबाहेर काढलं होतं.

मास्तरांनी पत्र दाखवलं तेव्हा आलिमाबी म्हणाल्या, “मास्तर, मी इतिहास लिहायला सांगितलाय, पंचनामा नाय. पत्र मला आणून द्या. साकिबचे कागद तयार हायत.”

मास्तरांनी लिहिलं. ‘उझैर स्वतःच्या हुकमानं निघाला.’ चांगल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. मला त्यांचा राग येतो अजून. पण तुम्हाला पोरं होतील तेव्हा विचारा मला.

रस्ता नदीच्या काठानं जातो. वारा पडलेला, आभाळ भरून आलेलं. जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांपाशी स्कूटर बंद पडली. मास्तर किक मारू लागले, तेव्हा खालून, अंधारातून आवाज आला.

“तीन वाव...”

पूर्वी गलबत खाडीतून वर येताना पुढचा खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजायचा आणि ओरडून सांगायचा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं, साधारण पुरुषभर. मास्तरांनी हे स्वतःच पुस्तकात लिहिलं होतं.

“अडीच वाव...”

नदीत गलबत कुठलं? मे महिना. पाणी घोट्याला.

“दोन वाव...”

आता आवाज पायऱ्यांवर. मास्तरांनी किक मारली. पुन्हा मारली.

“दीड...”

रस्त्यावर. पाठीमागे. शेवाळाचा वास. मास्तर वळले नाहीत. मान वळेचना.

मग कानाशी कुणीतरी अगदी हळू विचारलं, “हुकूम कुणाचा होता?”

“मग काय बोलले ते, नाना?”

थांब गो. पत्र पिशवीत होतं. खरं काय ते त्यांना पाठ होतं. ‘थोरल्या शेटचा.’ दोन शब्द, सेजल, दोनच शब्द. पण त्यांच्या डोळ्यांपुढे साकिब आला, ओट्यावर बसून नखं कुरतडणारा.

मास्तर म्हणाले, “उझैरचा. त्याचा त्याचाच.”

...

मग, अगदी शांतपणे...

“एक वाव.”

स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली.

आलिमाबींनी पत्र वाचलंसुद्धा नाही. फाडून गरम पाण्यात सोडलं. पुस्तक छापलं, मुंबईत जेवणावळ झाली. ऑगस्टात साकिब दुबईला गेला. मास्तरांना काही झालं नाही. ताप नाही, पडसं नाही. मीच म्हणालो, भास झाला असेल हो तुम्हाला.

नोव्हेंबरात साकिबचा फोन आला. तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडे यायचा. मास्तर बोलत होते, मी शेजारी उभा.

“अब्बा, खोली चांगली हाय. चौथा मजला. फक्त भिंतीवर एक पांढरी रेघ येते. सगळीकडून, चारी भिंतींना. दोनदा रंग दिला, परत आली.”

“ओल असंल.”

“ओल नाय. बोट लावून चाखलं मी. खारट हाय.”

मास्तरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांनी विचारलं, “किती उंच हाय रे?”

साकिब हसला. म्हणाला, “आलो तेव्हा गुडघ्याशी होती. आता बरोबर माझ्या डोक्याइतकी.”