काडेपेटीएवढी काकी

ही घटना खरी आहे. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

मागचा डिसेंबर, सालेकसाजवळचं आमचं गाव. रुख्मा काकीची तेरवी. भर दुपार.

तिचा नवरा, माझे दुर्गाप्रसाद काकाजी, म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर स्वतःच चौकात लावणारा माणूस. मोबाइलमध्ये स्वतःचे हजार फोटो.

बायकोचा एकही नाही.

हार घालायची वेळ आली आणि शोधाशोध सुरू झाली. शेवटी त्यांच्या मुलीला, रेणूला, आईच्या पेटीत काडेपेटीएवढी चौकट सापडली. आत, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत एका कारागिराने काळा कागद कैचीने कापून काकीचा बाजूने दिसणारा चेहरा करून दिला होता. सरळ नाक, मागे अंबाडा.

"बाबा, हे मले फुलचूरले, माया घरी नेऊ दे. आईचं मायापाशी दुसरं काहीच नाही," रेणू म्हणाली.

"मंग लोकायले काय दाखवू? इथंच राहीन ते."

चौकट भिंतीवर लागली. नाक काकाजींच्या खुर्चीकडे.

"लय सेवा केली मी तिची," काकाजी पाहुण्यांना सांगू लागले. कोरडे डोळे खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत होते. मला किळस आली.

अंगणातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला...

मी वर पाहिलं.

नाक दाराकडे होतं.

"कोन मजाक करून राहिला बे?" काकाजींनी खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली.

चौकटीला कुणी हात लावला नव्हता. काच पक्की चिकटलेली होती.

तरीही...

नाक पुन्हा उलट्या बाजूला.

मला हसू आलं. तीन दिवस तापात तडफडणाऱ्या बाईला या माणसाने दवाखाना दाखवला नाही. तिने तोंड फिरवलं, बरंच केलं.

मी चौकट काढून रेणूच्या हातात दिली. काकाजी एवढा मोठा माणूस, पण मान वर होईना.

संध्याकाळी रेणूला फुलचूरला सोडलं. तिने चौकट कपाटावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मी समोर बसलो.

नाक खिडकीकडे होतं.

मी उठून खिडकीजवळ गेलो...

नाक दाराकडे.

"दादा, काऊन जागा बदलून राहिला?" रेणूने आतून विचारलं.



तापाच्या दुसऱ्या दिवशी काकीने मला फोन केला होता, दवाखान्यात ने म्हणून. माझी गाडी दारातच उभी होती. "उद्या पाहू काकी," म्हणून मी फोन ठेवला.

रेणूला हे माहीत नाही. ती मला अजून जेवायला बोलावते.


मी जात नाही.