काचेच्या आतल्या बाजूला

आमच्या दुकानात हत्यारं भाड्याने मिळतात, आणि ती न्यायला दोन प्रकारची माणसं येतात. एक मूर्ख आणि दुसरे घाईत असलेले मूर्ख. ड्रिल नेणारा निदान भिंतीला भोक पाडून गप्प बसतो. ग्राइंडर हातात आला की मात्र माणसाच्या अंगात वारं शिरतं. लोखंड काकडीसारखं कापलं जातंय म्हटल्यावर त्याला वाटतं, आपण कुणीतरी झालो.

ठरलेलं भाषण मी प्रत्येकाला ऐकवते. चकतीवरचं पत्र्याचं झाकण काढू नका. दोन्ही हातांनी धरा, बाजूची मूठ शोभेला दिलेली नाही. कापायच्या पातळ चकतीने घासत बसू नका, आडवी दाबली की ती फुटते. चकती बदलताना आधी प्लग काढा. बटण बंद केलं तरी ती फिरत राहते, थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. आणि तोंडावर काच लावा. काच म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत येणारा जाड प्लास्टिकचा पडदा, डोक्याला पट्ट्याने बसणारा. सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन पहिलं झाकण काढतात.

मशीन परत आलं की मी विचारते, "काच घातली होती?"

"घातली होती की!"

खोटं. ठिणग्या काचेला चिकटतात. वापरलेल्या काचेवर बारीक काळे ठिपके पडतात आणि ते नखाला लागतात. यांच्या काचा जशा जातात तशा परत येतात, नव्या नवरीसारख्या.

"अगं, मोठी माणसं आहेत ती," आमचे हे शेजारच्या खुर्चीतून, वर्तमानपत्रामागून म्हणतात.

"वयाने," मी म्हणते.

त्यामुळे लोखंडी गेट बनवणारा एक जण काच परत देऊन गेला आणि तिच्यावर ठिपके दिसले, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. चला, हजारात एक तरी शहाणा निघाला. मी फडकं घेऊन काच पुसायला बसले. ठिपके निघेनात, म्हणून नख लावलं. नख सरळ घसरत गेलं.

मी काच उलटी केली. ठिपके आतल्या बाजूला होते. तोंडाच्या बाजूला.

काच उलटी घालता येत नाही. तिचा बाक आणि पट्टा तसं करू देत नाहीत. मी स्वतः घालून पाहिली. गेटवाल्याने ती मुलाला खेळायला दिली असेल, अशी मनाची समजूत घातली. मूर्ख माणूस काय करेल याला काही मर्यादा नसते.

तरी पुढच्या वेळी मी तीच काच पिशवीत घातली, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि पट्टीवर सही ठोकली. मशीन नेलं मागच्या गल्लीतल्या मास्तरांनी, जुना पाइप कापायला. परत आणताना त्यांचा चेहरा सायीसारखा गुळगुळीत होता.

"काच?"

"म्हणजे काय! सुरक्षा आधी, बाकी सगळं नंतर."

मी सही दाखवली. पट्टी जशीच्या तशी होती. मास्तर शाळेतल्या पोरासारखे छताकडे बघायला लागले. मी त्यांच्यासमोरच पिशवी फाडली. आतून जळक्या लोखंडाचा वास आला. काच कोमट लागली. आतल्या बाजूला ठिपके दुप्पट झाले होते, आणि बाहेरची बाजू स्वच्छ होती.

"हे असंच होतं का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? खोटं बोलून झालं ना, निघा."

ते निघाले. मी ती काच बराच वेळ उजेडात धरून बसले.

मग आला ठेकेदार. "बाई, मशीन चालवता चालवता केस पिकले माझे," असं म्हणत माझं भाषण अर्ध्यात तोडणारा. दुसऱ्या दिवशी मशीन परत देताना मात्र त्याने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. झाकण काढलेलं होतंच, चकतीचा अर्धा तुकडा गायब होता.

"फुटली," तो म्हणाला. "तुकडा सरळ डोळ्यावर आला. डाव्या. मी येताना पाहिला, बाई. देवाशपथ पाहिला. आणि लागलाच नाही."

"मग गेला कुठे?"

"तेच तर. सगळी जागा झाडून काढली. सापडला नाही."

त्याच्या तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या सहीची पट्टी शाबूत होती. पिशवी फाडली, तर काचेच्या आतल्या बाजूला, बरोबर डाव्या डोळ्यासमोर, चंद्रकोरीसारखी खोल खाच पडली होती.

"देव तारी त्याला कोण मारी," हे म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. "ही काच टाकू नकोस. कुणी घालो न घालो, मशीनबरोबर जाऊ दे. इतक्या जणांना काही झालं नाही ते उगाच नाही."

"तुमची अक्कल त्या वर्तमानपत्रातच गुंडाळून ठेवा," मी म्हटलं. ठिपक्यांनी काच इतकी आंधळी झाली होती की पलीकडचं काही दिसत नव्हतं. अशी काच घालण्यापेक्षा न घातलेली बरी. शिवाय मला तिची भीती वाटायला लागली होती, आणि माझ्या दुकानातल्या वस्तूने मला भीती घालावी हे मला खपत नाही. मी तिचे दोन तुकडे केले, भंगारात दिले आणि मशीनच्या पेटीत नवी कोरी काच ठेवली.

त्याच आठवड्यात जावई आले. आमचे जावई घड्याळं दुरुस्त करतात. तांदळाच्या दाण्याएवढी चाकं चिमट्याने उचलून बसवतात. माझ्या मुलीचा संसार त्या माणसाच्या दोन डोळ्यांवर चालतो. बाकी अंगात काही दम नाही. त्यांना खिडकीचे गंजलेले गज कापायचे होते.

"जावईबापू, हे घड्याळ नाही. काच लावा. तुमच्या डोळ्यांना काही झालं तर माझी पोर उघड्यावर येईल."

"लावतो हो आई. तुम्ही पण ना!"

पिशवीवर मी सवयीने पट्टी लावली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हसत परत आले. ऊन दारातून थेट काउंटरपर्यंत आलं होतं.

"झालं काम?"

"मस्त. एक चकती फुटली तेवढी. पण नशीब बघा, कुठे लागलं नाही."

"काच घातली होती?"

"घातली होती की!"

मी पिशवी हातात घेतली. पट्टी शाबूत होती. सहीसुद्धा.

मी ती फाडली.

वास आला नाही. काच थंड होती. आतून नख फिरवलं, बाहेरून फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. चंद्रकोर नाही, एक ठिपकासुद्धा नाही.

मग जळक्या लोखंडाचा वास आला. पिशवीतून नाही. काउंटरच्या पलीकडून.

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आई," जावई माझ्याकडे बघत म्हणाले, "दिवा का घालवलात?"

त्यांनी खिशातून घड्याळाचं भिंग काढलं आणि डाव्या डोळ्याला लावलं. थोडं थांबले. मग उजव्या डोळ्याला लावलं.