‘चाललं’ म्हणून सांगणारी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती बाकावर बसली होती आणि मांडीवरच्या गेमिंग यंत्राकडे डोळे वटारून बघत होती. दोन्ही हातांत मावेल एवढंसं ते यंत्र... पडदा मात्र काळाकुट्ट. बाहेर पावसाची रिपरिप, आत मलमाचा वास.

“अपडेट केलंत का?” शेजारून कुणीतरी विचारलं.

तिने मान वळवली. डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला एक तरुण अगदी गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बघत होता.

“केलं. पाप केलं का?”

“नाही हो. पण गेम विंडोजसाठीचा आणि यंत्र लिनक्सवर चालणारं. दोघांच्या मधे दुभाष्याचं काम करणारा एक प्रोग्राम असतो. नव्या दुभाष्याचं या गेमशी जमत नसेल... जुना निवडून बघा. पण थांबा — आधी तुमचा आतापर्यंतचा खेळ दुसरीकडे कॉपी करून ठेवा. काहीही बदलण्याआधी, नेहमी.”

तिने तसंच केलं. सेटिंगमध्ये जाऊन दुभाष्याची जुनी आवृत्ती निवडली, आणि पडद्यावर निळा समुद्र उजळला. तिला एकदम भरून आलं. परक्या माणसासमोर काय हे, म्हणून ती घाईघाईने हसली.

त्याला काय माहीत, तिचं त्या समुद्रात काय अडकलं होतं! दर रविवारी दुपारी ती आणि दूरच्या शहरात नोकरीला गेलेली तिची धाकटी बहीण मिळून ऑनलाइन हा गेम खेळायच्या. एक ओसाड बेट, त्यावर दोघींनी वसवलेलं गाव. फोनवर धाकटी ‘बरी आहे गं ताई’ एवढंच म्हणायची. खेळताना मात्र, हात गुंतलेले असले की, मनातलं आपसूक बाहेर यायचं. आणि मग ताई जिन्यावरून पडली, उजव्या हाताचा अंगठा मोडला. चार रविवार हुकले. धाकटीचा आवाज दर फोनला बारीक होत चालला होता.

काळजी आणखीही एक होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. हाड जुळलं तरी बारीक स्क्रू अंगठ्यातून निसटायचा. मालकांनी तिला तात्पुरतं काउंटरवर बसवलं होतं, आणि ते ‘तात्पुरतं’ तिला रोज थोडं थोडं लांबताना दिसत होतं.

तो तरुण लिफ्ट दुरुस्त करायचा. काम करताना खांदा दुखावला होता. अडलं तर विचारा, म्हणून त्याने नंबर दिला. त्याच संध्याकाळी तिने त्याला एकच शब्द पाठवला — चाललं.

दोघांचाही दवाखान्याचा वार मंगळवार. पुढच्या मंगळवारी तिने सांगितलं, उडी मारायचं बटण अंगठ्याने दाबवत नाही. त्याने यंत्र उलटं करून मागची बटणं दाखवली. उडीचं काम मधल्या बोटाकडे द्यायचं, एवढंच. “अंगठ्याला रजा द्या,” तो म्हणाला. त्या रविवारी दोघी बहिणी खेळल्या. धाकटी आधी गप्प गप्प होती, मग बोलली, मग रडली... आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपली. तिसऱ्या मंगळवारी, बॅटरी जास्त टिकावी म्हणून, त्याने चित्राचा वेग सेकंदाला साठ चित्रांवरून चाळिसांवर आणला, पडद्याचा उजेड कमी केला. पुढचा रविवार पुरते अडीच तास चालला. धाकटी खळखळून हसली.

प्रत्येक वेळी तिने त्याला कळवलं. चाललं. मस्त चाललं. आज ती हसली.

सहाव्या मंगळवारी फिजिओबाई तिच्या हाताला कोमट मेणाचा शेक देत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, लिफ्टवाल्यांचा आज शेवटचा दिवस. ती ताडकन उठली. मेणाचे कपचे बोटांवर तसेच. तो दारातल्या छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत उभा होता. झोळी नव्हती.

“न सांगता निघालात?”

“आता तुमचं काही अडणार नाही.” तो पावसाकडे बघत राहिला. “आणि खरं सांगू... माझा खांदा पंधरा दिवसांपूर्वीच बरा झाला. बाईंनी आज हाकललं.”

“मग येत का होतात?”

“मंगळवार होता म्हणून.”

ती हसू दाबत म्हणाली, “आज सकाळी माझ्या हातून एक स्क्रू बसला. पहिला. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.”

त्याचा चेहरा उजळला. पण लगेच तो अडखळला. “तुम्हाला माझे उपकार वाटत असतील, तर... नको. ते ओसरतात.”

“वाटतात ना. माझी बहीण पुन्हा हसायला लागली, ते जन्मभर वाटतील.” तिने बोटावरचा मेणाचा तुकडा सोलला. “पण उपकार वाटतात म्हणून कुणी दर मंगळवारी दोनदा केस विंचरत नाही.”

त्याने पावसावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगू लागला. गेली पाच वर्षं तो इंटरनेटवर लोकांना असलीच उत्तरं देत आला होता. लोक प्रश्न विचारायचे, उत्तर घ्यायचे, जायचे. चाललं की नाही, हे सांगायला सहसा कुणी परतायचं नाही. त्याची तक्रार नव्हती, सवय झाली होती.

“तुम्ही प्रत्येक वेळी परत आलात,” तो म्हणाला. “आभार मीच मानायला हवेत.”

छपरावरून पाणी ठिबकत होतं. तिच्या हाताला अजून मेणाची ऊब होती. तोच हात तिने पुढे केला आणि त्याने तो दोन्ही हातांत घेतला — अंगठ्याला धक्का लागणार नाही, अशा बेताने.

“रविवारी ये,” ती म्हणाली. “धाकटीला तुला बघायचंय.”

त्याने चमकून वर पाहिलं. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“आणि तुला?” त्याने विचारलं.

“मला रोज.”